उमेदवार कोणाची कोण?

(पडेगाव, छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणूक जाहीर झाली की वृत्तपत्रांतून उमेदवारांचे परिचय प्रसिद्ध होऊ लागतात. पुरुष उमेदवाराचा परिचय बहुधा त्याच्या कामापासून सुरू होतो. कोणी साखर कारखान्याचा संचालक असतो, कोणी बाजार समितीचा सभापती, कोणी दोन वेळचा आमदार, कोणी कामगार संघटनेचा चिटणीस. स्त्री उमेदवाराचा परिचय मात्र नात्यापासून सुरू होतो. ती अमक्यांची कन्या असते, तमक्यांची सून असते, नाहीतर दिवंगत नेत्याची पत्नी असते. तिने काय केले हे त्यानंतर येते, आणि जागा अपुरी पडली तर येतही नाही. पुरुषाविषयी वाचक विचारतो, ‘याने काय केले?’ स्त्रीविषयी त्याला विचारावयास शिकविले जाते, ‘ही कोणाची कोण?’

या दोन प्रश्नांतील अंतर हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. स्त्रीचा मान राखला जावा, एवढ्यापुरते त्याचे महत्त्व नाही. लोकशाहीत मतदाराच्या हाती एकच साधन असते. उमेदवाराने आजवर काय केले आणि पुढे काय करण्याचे वचन दिले, हे पारखून घेण्याचे ते साधन होय. नात्याच्या भाषेतून झालेला परिचय ते साधन त्याच्या हातून काढून घेतो. तोटा त्या स्त्रीचा होतो, आणि ज्यांच्यासाठी ती उभी असते त्या कष्टकरी माणसांचा त्याहून अधिक होतो.

नणंद, भावजय आणि दुष्काळ

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या होत्या. त्या लढतीचे वर्णन वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी जवळपास एकमुखाने केले, ते ‘नणंद विरुद्ध भावजय’ असे. सुळे २००६ मध्ये राज्यसभेवर आणि २००९ पासून सलग तीन वेळा लोकसभेवर निवडून आलेल्या होत्या. तीन लोकसभांतील त्यांचे प्रश्न, त्यांची मते, त्यांची खासगी विधेयके हा सारा जाहीर दस्तऐवज होता. सुनेत्रा पवार बारामतीच्या वस्त्रोद्योग पार्कची धुरा सांभाळीत होत्या. तेथील कामगार स्त्रियांना मजुरी किती मिळते आणि कामाचे तास किती, हा प्रश्न त्यांना विचारता आला असता. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यांत बारामती, पुरंदर आणि दौंड हे याच मतदारसंघातील तालुके होते. जनावरांच्या चाऱ्यापासून उपसा सिंचनापर्यंत विचारण्यासारखे पुष्कळ होते.

प्रत्यक्षात चर्चेचा मोठा भाग घराण्यातील रुसव्याफुगव्यांनी व्यापला. पुढे तर ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ असा भेद ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्याच तोंडून निघाला, आणि सून ही घरची की बाहेरची, यावर महाराष्ट्रात कित्येक दिवस वाद रंगला. लोकसभेच्या एका मतदारसंघाचा प्रतिनिधी निवडावयाचा असताना विवाहाने घरात आलेल्या स्त्रीचे कुलनाम कितपत खरे, हा राजकीय प्रश्न ठरावा, याहून मोठे अवमूल्यन ते कोणते? सुळे १ लाख ५८ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. पण त्या निकालातून दुष्काळी तालुक्यांचा कौल काय होता, हे वर्तमानपत्रे वाचून कोणालाही सांगता आले नसते. नणंद जिंकली, एवढेच कळले.

या दोषाला पक्षाचे बंधन नाही. त्याच वर्षी सोलापुरात प्रणिती शिंदे आणि राम सातपुते यांची लढत झाली. सातपुते हे ऊसतोड मजुराचे चिरंजीव, हे वारंवार सांगितले गेले. ते सांगणे योग्यही होते, कारण त्यातून त्यांची वर्गस्थिती कळत होती. प्रणिती शिंदे या २००९ पासून तीन वेळा विधानसभेवर निवडून आलेल्या, परंतु त्या सर्वत्र राहिल्या ‘लेक’. हा शब्द त्यांच्या प्रचारानेही आवडीने वापरला, हे खरे. पण नात्याचा शब्द वापरल्यावाचून स्त्री उमेदवाराला मतदाराच्या ओसरीवर पाय ठेवता येत नसेल, तर तो तिचा दोष म्हणावा की ओसरीचा?

दादा, भाऊ आणि सौ.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. पुरुष नेत्यांनाही महाराष्ट्र दादा, भाऊ, अण्णा, आबा, नाना म्हणतोच. १९७७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर गेलेले समाजवादी नेते डॉ. काळदाते यांना सारा मराठवाडा ‘बापू’ म्हणत असे. बीडच्या खासदार केशरबाई क्षीरसागर ‘केशरकाकू’ होत्या. मग नात्याच्या शब्दावर राग का?

आक्षेप रास्त आहे, म्हणूनच त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे. संबोधन वेगळे आणि ओळख वेगळी. ‘बापू’, ‘ताई’, ‘काकू’ ही संबोधने लोकांनी जोडलेली असतात. ज्याला बापू म्हटले जाते, तो साऱ्यांचाच बापू होतो. त्याने त्याचे कर्तृत्व झाकले जात नाही. ‘सून’, ‘कन्या’, ‘पत्नी’ हे शब्द मात्र स्त्रीला एका विशिष्ट पुरुषाशी आणि एका विशिष्ट घराशी बांधतात. ‘ताई’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न तिच्या कामाचा असू शकतो. ‘सून’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न सासऱ्याचा असतो.

मराठी वृत्तपत्रांतील एक लहानसे अक्षर या बाबतीत पुष्कळ बोलके आहे. पुरुष उमेदवाराच्या नावामागे ‘श्री.’ लागते. तो विवाहित की अविवाहित, त्याची पत्नी हयात आहे की नाही, याचा त्यावरून काहीच बोध होत नाही. स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ लागते, किंवा लागत नाही. लागले तर तिचा पती हयात आहे हे कळते, न लागले तर वाचक तर्क करीत बसतो. नगरपालिकेच्या गटारांचा आणि उमेदवाराच्या कुंकवाचा संबंध काय, हा प्रश्न ते अक्षर छापणाऱ्याला पडत नाही, आणि वाचणाऱ्यालाही पडेनासा झाला आहे.

‘पाणीवाली बाई’

दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखविणे सोपे असते. समाजवादी चळवळीने स्वतःच्या इतिहासाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

मृणाल गोरे यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्या वर्षानुवर्षे लढल्या. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेवर. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासह त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, आणि हाती लाटणी घेतलेल्या हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. आणीबाणीत त्या भूमिगत राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये मुंबई उत्तर मतदारसंघातून त्या लोकसभेत पोचल्या. त्याच निवडणुकीत मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून अहिल्या रांगणेकरही निवडून आल्या. त्या लोकसभेत स्त्री सदस्य अवघ्या १९ होत्या, आणि त्यांपैकी दोघी या एका शहरातून गेल्या होत्या.

लोकांनी मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. ते प्रेमाने दिलेले नाव होते आणि ते त्यांच्या कामावरून पडले होते. नात्यावरून पडलेल्या नावांपेक्षा ते शतपटीने बरे. परंतु वृत्तपत्रांनी ते उचलले, तेव्हा त्यातील ‘पाणी’ मागे पडले आणि ‘बाई’ पुढे आली. पाणी म्हणजे हंडा, हंडा म्हणजे बाईचा डोका, म्हणून पाणी हा बायकांचा प्रश्न, असे समीकरण मांडले गेले. वस्तुतः मृणाल गोरे मांडीत होत्या तो प्रश्न शहराच्या मालकीचा होता. कारखान्याला पाणी मिळते आणि कामगाराच्या झोपडीला मिळत नाही, हे कोण ठरवितो, असा तो प्रश्न होता. त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा म्हणजे नागरी निवारा परिषद. कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमीन अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी मिळवून गोरेगावात सुमारे ६ हजार घरे उभी राहिली. गर्भलिंग-चाचणीला आळा घालण्यासाठी त्यांनी विधानसभेत खासगी विधेयक मांडले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात प्रथम तसा कायदा केला. त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. तरी १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक मथळ्यांत त्या केवळ ‘पाणीवाली बाई’च होत्या.

१९७७ ची घोषणा अजून अनेकांच्या स्मरणात असेल: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. घोषणा चटकदार होती, सभांतून तिला टाळ्या पडल्या, वृत्तपत्रांनी ती आनंदाने छापली. पण तिचा अर्थ तपासला तर काय दिसते? एक स्त्री आणीबाणी लादणारी आणि दुसरी आणीबाणीशी झुंजणारी. दोघींमध्ये हुकूमशाही आणि लोकशाही यांएवढे अंतर. घोषणेने दोघींना एकाच शब्दाच्या तराजूत तोलले, आणि लढतीला दोन बायांच्या नळावरच्या भांडणाचे रूप दिले. इंदिरा गांधींचा गुन्हा त्यांनी नागरिकांचे हक्क हिरावून घेतले हा होता. त्या बाई होत्या, हा गुन्हा नव्हता.

इंदिरा गांधींना अकरा वर्षांत मिळालेली नावे एकापुढे एक मांडून पाहावीत. १९६६ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले गेले, आणि हे नाव डॉ. राममनोहर लोहियांनी दिले असे मानले जाते. १९७१ च्या युद्धानंतर त्या ‘दुर्गा’ झाल्या. ‘मंत्रिमंडळातील एकमेव पुरुष’ हेही त्यांच्याविषयी कौतुकाने म्हटले जाई. १९७७ मध्ये त्या ‘दिल्लीवाली बाई’ झाल्या. बाहुली, देवी, पुरुष आणि बाई! या नावांत १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन नाही, १९६९ चे बँकांचे राष्ट्रीयीकरण नाही, १९७५ चा तुरुंगवास नाही. स्तुती असो वा निंदा, दोन्हींच्या आड धोरणाची चर्चा दडपली गेली.

आणि याच लोहियांनी स्त्रियांना मागासांच्या विशेष संधीत गणले होते, साठ टक्के जागांच्या मागणीत त्यांचा समावेश केला होता, भारतीय स्त्रीचा आदर्श म्हणून सावित्रीपेक्षा द्रौपदीला मान दिला होता. १९६२ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराणी विजयाराजे शिंदे यांच्याविरुद्ध समाजवादी पक्षाने मेहतर समाजातील सुखोरानी यांना उभे केले, तो लोहियांचाच आग्रह होता. राणी विरुद्ध मेहतराणी ही लढत त्यांनी जातीच्या आणि वर्गाच्या प्रश्नावर उभी केली होती. ‘दोन स्त्रिया’ अशी ती मांडली गेली असती, तर तिच्यात काय उरले असते? विचार थोर असला तरी विनोदाच्या क्षणी जीभ जुन्याच वळणाने जाते. विचारांची खरी परीक्षा तेथेच असते.

बातमीमागील अर्थकारण

वृत्तपत्रे असे का लिहितात? वार्ताहरांच्या पूर्वग्रहावर सारा दोष ढकलून चालणार नाही. त्यामागे अर्थकारण आहे. कुटुंबातील भांडणाच्या बातमीला खर्च लागत नाही. दुष्काळी तालुक्यात जाऊन आठ दिवस राहावयाचे, संसदेतील मतदानाची नोंद चाळावयाची, तर वार्ताहराला वेळ आणि वेतन दोन्ही द्यावे लागते. तालुक्याच्या वार्ताहराला मजकुरापेक्षा जाहिराती आणण्याची चिंता अधिक असते. घराण्याची कथा घरबसल्या लिहून होते आणि खपतेही.

त्यात २००९ च्या विधानसभा निवडणुकीपासून महाराष्ट्राला एक नवा शब्द परिचित झाला, तो म्हणजे ‘पेड न्यूज’. पी. साईनाथ यांनी पैसे मोजून छापलेल्या बातम्यांचा प्रकार उजेडात आणला, आणि २०१० मध्ये भारतीय पत्रपरिषदेच्या उपसमितीने त्याचा तपशीलवार अहवाल तयार केला. जेथे बातमीची जागा विकत मिळते, तेथे ज्या स्त्रीच्या मागे घराण्याचा पैसा नाही ती छापलीच जात नाही. आणि जिच्या मागे आहे, तिची छबी घराण्यासहित छापली जाते. म्हणजे वाचकाला दिसते ती नात्यातली स्त्री, आणि शेतमजूर, अंगणवाडी सेविका, घरकामगार स्त्री उमेदवार असूनही अदृश्य राहते. स्त्री-पुरुष भेद आणि वर्गभेद येथे एकाच रकान्यात भेटतात.

हा रोग या देशापुरता नाही. २०१७ च्या मार्च महिन्यात ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या प्रथममंत्री निकोला स्टर्जन यांची भेट झाली. युरोपीय संघातून बाहेर पडणे आणि स्कॉटलंडचे भवितव्य हे विषय होते. ‘डेली मेल’ने पहिल्या पानावर दोघींच्या पायांची तुलना केली. जगभरच्या बातम्यांची मोजदाद करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १९९५ मध्ये बातमीत दिसणाऱ्या वा बोलणाऱ्या माणसांपैकी स्त्रिया १७ टक्के होत्या. २०२० मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. पंचवीस वर्षांत आठ टक्के, ही प्रगतीची गती होय.

अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या एका मतदार-पाहणीचा निष्कर्ष कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानी ठेवावा. स्त्री उमेदवाराच्या दिसण्याचा उल्लेख बातमीत आला की तिचा पाठिंबा घटतो, मग तो उल्लेख निंदेचा असो वा स्तुतीचा. ‘साधी राहणी’, ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’, ‘नऊवारी नेसून प्रचार’ अशी गोड वाक्येही निरुपद्रवी नसतात. मात्र उमेदवाराने अशा उल्लेखाला थेट उत्तर दिले, तर गमावलेली बरीचशी भूमी परत मिळते, हेही त्याच पाहणीत आढळले. मौन बाळगावे, ‘विषय वाढवू नये’, हा जो सल्ला स्त्री उमेदवारांना पक्षातील वडीलधारे देतात, तो चुकीचा ठरतो.

पडेगावचा प्रश्न

औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातून १९५२ ते २०२४ या काळात झालेल्या अठरा सार्वत्रिक निवडणुकांत एकही स्त्री निवडून आलेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ४८ जागांवर सात स्त्रिया निवडून आल्या. स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ-पुनर्रचना यांच्याशी बांधून ठेवण्यात आली.

महापालिकेचे चित्र निराळे आहे. २०११ च्या कायद्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या, आणि २०१५ मध्ये या शहराच्या ११३ जागांच्या महापालिकेत त्याप्रमाणे स्त्रिया निवडून गेल्या. पण त्यांच्या प्रभागातील बातमीत बोलतो तो बहुधा पती. ‘सरपंचपती’ हा शब्द गावोगाव इतका रुळला की २०१५ मध्ये पंतप्रधानांनाही तो प्रकार थांबविण्याचे आवाहन करावे लागले. वस्तुतः कर्तृत्वाचा क्रम उलटाही असतो. याच शहरात अनिता घोडेले २०१० मध्ये महापौर झाल्या, आणि त्यांचे पती नंदकुमार घोडेले २०१७ मध्ये.

पडेगावच्या स्त्री उमेदवारापुढे प्रश्न कोणते आहेत? जायकवाडीचा नाथसागर हाकेच्या अंतरावर असताना या शहराच्या नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले आहे. शेजारच्या मिटमिट्यात २०१८ च्या मार्चमध्ये कचऱ्याच्या गाड्या अडविताना ग्रामस्थ आणि पोलीस यांचा संघर्ष झाला, तो शहराची घाण कोणाच्या दारात टाकावयाची या प्रश्नावर. २०२० च्या एप्रिलमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाने कारभार केला. पाणी, कचरा आणि लोकनियुक्त सत्तेचा अभाव हे तिन्ही राजकीय प्रश्न आहेत. ते घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रीला ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ म्हणून छापले, की ते प्रश्नही तिच्याबरोबर स्वयंपाकघरात ढकलले जातात.

येथे एक कडू सत्य सांगणे भाग आहे. वृत्तपत्रातील परिचय पुष्कळदा वृत्तपत्राने लिहिलेला नसतो. पक्षाच्या कचेरीतून गेलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापले जाते. ‘यांच्या सुविद्य पत्नी’ हे शब्द बहुधा कार्यकर्त्याच्याच लेखणीतून उतरलेले असतात. तेव्हा सुधारणेचा आरंभ संपादकांना निवेदन देण्याने करण्याची आवश्यकता नाही. तो कचेरीतील टेबलावर करता येईल.

प्रसिद्धिपत्रकातील पहिले वाक्य उमेदवाराच्या कामाचे असावे. नावामागे ‘सौ.’ लावू नये, आणि लावावयाचेच तर पुरुषांच्या वैवाहिक स्थितीचाही उल्लेख करण्याची तयारी ठेवावी. वार्ताहर परिषदेत उमेदवारानेच बोलावे, पतीने, दिराने वा शहराध्यक्षाने तिच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. प्रतिपक्षाच्या स्त्री उमेदवारावर टीका करताना तिचे निर्णय, तिचे मतदान, तिची संपत्ती यांवर कठोरात कठोर बोलावे, परंतु तिच्या शरीरावर, वयावर, वैधव्यावर, चारित्र्यावर चकार शब्द काढू नये. २०२४ मध्ये मुंबईच्या मुंबादेवी मतदारसंघातील एका स्त्री उमेदवाराविषयी ‘माल’ हा शब्द वापरला गेला. चार दिवस तोच शब्द गाजला आणि मतदारसंघातील मोडकळीस आलेल्या इमारतींचा प्रश्न बाजूला राहिला. असा प्रसंग पक्षाच्या उमेदवारावर आला तर त्याच दिवशी तिने उत्तर द्यावे, तक्रार नोंदवावी, आणि त्याच निवेदनात पाण्याची मागणीही ठामपणे मांडावी.

शेवटी एक साधे काम. पुढील निवडणुकीत अभ्यासवर्गातील चार कार्यकर्त्यांनी पंधरा दिवस शहरातील वर्तमानपत्रांची कात्रणे जमवावीत. स्त्री उमेदवारांच्या किती बातम्या आल्या, कितींत त्या स्वतः बोलल्या, कितींत नाते आधी आले आणि काम नंतर, याची वहीत नोंद करावी. पक्षाच्या साप्ताहिकाचे अंकही त्या मोजणीतून वगळू नयेत. मोजणी हाती असली की संपादकांशी बोलता येते, आणि मोजणी करणाऱ्याची लेखणीही आपोआप सुधारते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी सरकारला जाब विचारला तो आकडे हाती घेऊन. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान कात्रणे मोजण्याचे कष्ट घ्यावेत.